फुगवट्याकाठचे दोन दिवस

सुट्टी जोडून आली की पुण्याची माणसं समुद्राकडे धावतात. ताम्हिणी घाट उतरायचा, दिवेआगर किंवा हरिहरेश्वर गाठायचं, एक रात्र काढायची आणि रविवारी संध्याकाळी घाटात गाड्यांच्या रांगेत अडकून परतायचं. कोकण मलाही प्रिय आहे. पण दोन दिवस पाण्याकाठी निवांत बसायचं असेल, जोडीला जुनं गाव, देऊळ, होडी आणि ताजी मासळी हवी असेल, तर घाट उतरायची गरज नाही. आमच्या बारामतीहून तासाभराच्या आत भिगवण येतं आणि तिथून पुढे इंदापूर तालुक्याच्या उत्तर अंगाने उजनीचा फुगवटा पसरला आहे. सरकारदप्तरी त्याचं नाव यशवंतसागर. इथली माणसं नुसतं ‘फुगवटा’ म्हणतात, नाहीतर ‘बॅकवॉटर’. काही ठिकाणी पलीकडचा तीर म्हणजे धूसर रेघ असते. वारा सुटला की लाटा काठावर आपटतात, वादळ आलं की होडीतल्या माणसाच्या तोंडचं पाणी पळतं. बंदर म्हणावं असं भिगवण आहे, मासळीचा लिलाव आहे, पाण्यातून वर येणारं देऊळ आहे, आणि लढाईत पडलेल्या सरदाराची गढी असलेलं इंदापूर आहे. समुद्रकाठच्या जुन्या गावात माणूस जे जे शोधायला जातो ते इथे आहे, फक्त पाणी गोडं आहे.

आणि या पाण्याखाली गावं आहेत. हे मी आधीच सांगते, कारण इथली मजा आणि इथलं दुःख वेगळं काढून दाखवता येत नाही. नावाडी पक्षी दाखवता दाखवता मध्येच म्हणतो, “इथं आमची तालीम हुती.” होडी त्या तालमीवरून पुढे सरकते.

माघातल्या एका शुक्रवारी पुण्याहून आत्या आली. तिचं कुलदैवत नीरा-नरसिंगपूरचं, तेव्हा दर्शन ठरलेलंच होतं. बाकीचा वेळ पाण्याकाठी घालवायचा, धावाधाव करायची नाही, एवढंच आम्ही ठरवलं. आत्याचे गुडघे दुखतात, त्यामुळे सगळं आपोआप सावकाश झालं.

शुक्रवारची संध्याकाळ बारामतीतच गेली. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. नाईक म्हणजे पेशवाईतले मोठे सावकार आणि पेशव्यांचे सोयरेही. बाबूजींचे बंधू आबाजी यांना बाजीरावांची बहीण भिऊबाई दिलेली होती. त्यांच्याच आश्रयाला पन्हाळ्याचे मोरोपंत पराडकर आले आणि १७९४ मध्ये देह ठेवेपर्यंत बारामतीचेच होऊन राहिले. पुराण सांगायचं आणि आर्या रचायच्या, असं त्यांचं आयुष्य या काठावर गेलं. संपूर्ण महाभारत आर्यांत बांधणारा कवी या बेताच्या पाण्याच्या नदीकाठी बसून लिहीत होता, हे बारामतीची ओळख साखर कारखाने आणि राजकारणापुरती ठेवणाऱ्यांना आवर्जून सांगावंसं वाटतं. आत्याला केकावलीतल्या ओळी शाळेपासून पाठ आहेत. वाड्याच्या तटाखाली उभी राहून तिने त्या म्हटल्या, शेजारी क्रिकेट खेळणारी पोरं थांबून ऐकत राहिली.

शनिवारी पहाटे अंधारातच निघालो. बारामती-भिगवण रस्त्याला दोन्ही अंगांना ऊस, आणि ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. गाळपाचा हंगाम ऐन भरात होता. पुणे-सोलापूर हमरस्ता ओलांडला आणि कुंभारगावच्या वाटेला लागलो की हवेचा वास बदलतो. ओला गाळ, शेवाळ, मासळी.

कुंभारगाव आणि शेजारचं डिकसळ ही आज पक्षी बघणाऱ्यांची गावं झाली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या घरांतली पोरं आता पक्ष्यांची इंग्रजी आणि मराठी नावं सांगतात, दुर्बीण बाळगतात, घरात राहायला खोली आणि जेवायला मासळीचं ताट देतात. आमचा नावाडी पंचविशीचा असेल. आत्याला हाताला धरून त्याने फळीवर बसवलं. “मावशी, मधोमध बसा. उठू नका, काय दिसलं तर मी होडी वळवतो.”

खोल पाण्यात इंजिन, उथळ पाण्यात बांबू. इंजिन बंद झालं की एकदम सगळे आवाज ऐकू येतात. शेकाट्यांची कटकट, नदी सुरयांची किरकिर, लांबवर चक्रवाकांच्या जोडीची हाक. काठच्या शेतात पट्टकदंब चरत होते. करड्या अंगाचा हा हंस, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. तिबेट-मंगोलियाच्या बाजूला वीण करून, हिमालय ओलांडून तो इथे हरभऱ्याच्या रानात उतरतो. आत्याने विचारलं, “एवढं उडून येतात ते आपल्या शेतात चरायला?” नावाडी म्हणाला, “मावशी, तिकडं बर्फ असतंय. इथं गाळपेर हाय.”

गाळपेर समजली की हा फुगवटा समजतो. पावसाळ्यात धरण भरतं, हिवाळ्यापासून पाणी मागे सरू लागतं. जमीन उघडी पडते ती काळ्या मऊ गाळाची, आणि त्यावर शेतकरी मागे सरणाऱ्या पाण्याच्या पाठोपाठ पेरत जातात. त्याच उथळ कडेला किडे, शिंपले, शेवाळ, छोटी मासळी यांची रेलचेल होते. पक्षी येतात ते या कडेसाठी. धरण काठोकाठ भरलेलं असताना बघणाऱ्याला पाणीच पाणी दिसतं आणि पक्षी मात्र विखुरलेले असतात. पाणी उतरेल तशी गर्दी वाढते. म्हणून संक्रांतीनंतरचे दिवस चांगले.

रोहित दिसले तेव्हा सूर्य हातभर वर आला होता. लांबून ती पांढुरकी रेघ वाटते. होडी जवळ गेली तशी त्या रेघेला पाय फुटले, माना फुटल्या. नावाड्याने पुरेसं अंतर ठेवून बांबू गाळात रोवला आणि होडी धरून ठेवली. अर्धा तास तरी आम्ही नुसते बघत होतो. रोहित एका जागी पाय नाचवतो, स्वतःभोवती फिरतो आणि तळाचा गाळ ढवळून काढतो. मग मान खाली घालून चोच पाण्यात उलटी धरतो, म्हणजे वरची बाजू तळाकडे. जाड जीभ पाणी आत ओढते, बाहेर ढकलते, आणि चोचीच्या कडेला असलेल्या बारीक दातऱ्यांत किडे, झिंगे, शेवाळ अडकून राहतं. त्याच खाण्यातल्या रंगद्रव्यांनी पिसांना गुलाबी छटा येते. कोवळी पिल्लं राखाडी असतात; थव्याच्या एका कडेला तशी काही मळकट अंगाची उभी होती. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने एक होडी इंजिन चालू ठेवूनच आत घुसली, आणि अख्खा थवा पाण्यावर धावत सुटला. रोहिताला एकदम उडता येत नाही, धावून वेग घ्यावा लागतो. पंख उघडले तेव्हा आतला लालभडक आणि काळा रंग दिसला. देखणं दृश्य होतं, फोटो सुंदर आले असतील. पण त्या पक्ष्यांना खाणं सोडून उगाच उडावं लागलं, आणि हे एका सकाळी किती वेळा होत असेल? आमचा नावाडी त्या होडीकडे बघून चिडला होता. “फोटूसाठी गिऱ्हाईकच सांगतंय उडवा म्हणून,” तो म्हणाला. दोष होडी हाकणाऱ्याचा आहेच, त्याहून जास्त तो पैसे देऊन उडवायला सांगणाऱ्याचा आहे. तुम्ही तसं सांगू नका.

युरोपातही हाच रोहित. स्पेनच्या दक्षिणेला, मालागा प्रांतात, फुएन्ते दे पिएद्रा नावाचं खारं सरोवर आहे. तिथे त्यांची मोठी वसाहत होते आणि लोक दुरून ती बघायला जातात. आपल्याकडे येणारे रोहित कच्छच्या रणात वीण करणाऱ्यांपैकी मानले जातात.

दहाच्या सुमारास भिगवणला आलो. इंदापूर बाजार समितीचा इथे उपबाजार आहे आणि मासळीचा लिलाव हे त्याचं वैशिष्ट्य. रात्री लावलेली जाळी पहाटे उचलून माल इथे येतो. क्रेटमध्ये चिलापी, कटला, रोहू. वेगळ्या टोपल्यांत मरळ, वाम, शिंगटा. मरळ तास-दोन तास पाण्याबाहेर जिवंत राहतो, म्हणून त्याच्या टोपलीला ओलं पोतं बांधलेलं. पुकारा भराभर होतो, नवख्याला आकडा कळेपर्यंत माल सुटलेला असतो. मग बर्फ, थर्माकोलच्या पेट्या, टेम्पो, आणि मासळी पुण्या-मुंबईच्या वाटेला.

चिलापी मूळची आफ्रिकेतली. आता ती उजनीची मालकीण झाली आहे. काटे कमी, चव चांगली, भाव परवडणारा, त्यामुळे हमरस्त्यावरच्या खानावळींचं सगळं चिलापीवर चालतं. पण जुने मासेमार हळहळतात. पूर्वी भीमेत मिळणारे कितीतरी मासे आता नावालाही सापडत नाहीत, असं ते सांगतात. बारीक आसाच्या जाळ्यांनी, इथल्या भाषेत ‘वडाप’ लावून, बोटभर पिल्लं उपसली जातात. ती सुकवून विकायची. त्याविरुद्ध मासेमारांनीच आंदोलनं केली आहेत, प्रशासनाने जाळी जप्त करून जाळलीही आहेत. धरणात मत्स्यबीज सोडलं जातं. ते वाढू दिलं तरच उपयोग.

दुपारचं जेवण एका साध्या खानावळीत. मालकीणबाई मागच्या बाजूला मासा साफ करत होत्या, मी जाऊन बसले. खवले उडवून चिलापीच्या दोन्ही अंगांना तिरक्या चिरा दिल्या, काट्यापर्यंत. त्या चिरांत मीठ-हळद चोळली, मग लसूण, आलं, कोथिंबीर आणि लाल तिखटाचं वाटण बोटाने आत भरलं. ते मुरेपर्यंत मरळाचा रस्सा चुलीवर चढला. “चिर खोल पाहिजे, न्हायतर वरनं तिखट आन्‌ आत फिक्कं,” बाई म्हणाल्या. तव्यावर तेलात चिलापी पडली, कडा कुरकुरीत झाल्या, आणि बाजरीच्या भाकरीबरोबर ताट आलं. आत्या मासे खात नाही. तिला बाईंनी शेंगदाण्याची आमटी, ठेचा आणि दही दिलं आणि तिच्या ताटाला माशाचा चमचा लागणार नाही याची आपणहून काळजी घेतली.

दुपार झाडाखाली काढली. एवढ्या भर दुपारी कुठे जायचं नसतं, हे पर्यटनाच्या जाहिरातींना अजून कळलेलं नाही. उन्हं कलल्यावर पळसदेवला निघालो.

आजचं पळसदेव हमरस्त्यालगत आहे, सरळ आखलेल्या गल्ल्यांचं. मूळ गाव भीमेच्या काठी होतं. तिथे आता पळसनाथाचं देऊळ तेवढं उरलं आहे. उजनी धरणाचं भूमिपूजन १९६६ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं आणि १९८० मध्ये धरण पुरं झालं. पुणे, सोलापूर आणि नगर या तीन जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांनी भीमाकाठ सोडला. घरं, पिकं, विहिरी, आमराया, तालमी, मशिदी, देवळं पाण्यात गेली. देव मात्र लोकांनी वर आणले. पळसनाथालाही नव्या गावात नवं देऊळ मिळालं. जुन्या देवळाचं काय करायचं? ते तिथेच राहिलं.

होडीतून त्याच्याकडे जाताना आधी विटांचं शिखर दिसतं. दगडी देहावर विटांचं शिखर, आणि चार दशकांहून जास्त काळ दरवर्षी पाण्यात बुडून, पुन्हा वर येऊन ते उभं आहे. धरण भरलं की शेंडा तेवढा राहतो. आम्ही गेलो तेव्हा पाणी बरंच उतरलेलं होतं. मंडपाच्या खांबांवर पाणी किती किती चढलं त्याच्या रेघा होत्या, एकीवर एक. उन्हाळ्यात आवार उघडं पडलं की तिथले वीरगळ आणि सतीशिळा दिसतात. एका वीरगळावर खालच्या चौकटीत लढणारा वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवपूजा. दगड पाण्याने गुळगुळीत झाला आहे, वीराचा चेहरा गेला आहे, उगारलेला हात अजून स्पष्ट आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी तळाला गेली तेव्हा देवळापर्यंत माणसं चालत गेली. बातम्यांत आपण ‘उजनी उणे साठ टक्के’ असं वाचतो आणि गोंधळतो. धरणात पाणी उणे कसं असेल? या धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी पाणी कालव्याच्या दारांच्या खाली राहतं, त्याला मृतसाठा म्हणतात. वापरायचं ते वरचं साडेत्रेपन्न टीएमसी. ते संपलं की आकडा शून्यावर येतो, आणि मृतसाठ्याला हात घातला की उण्यात जातो. वापरायच्या पाण्यापेक्षा मृतसाठा मोठा, असं हे धरण आहे. उणे साठ झालं म्हणजे जुनी गावं वर यायला लागली असं समजायचं. त्या उन्हाळ्यात लोक आपापल्या वाड्याचा चौथरा शोधत फिरले. म्हाताऱ्यांनी नातवंडांना उंबरा दाखवला.

त्याच वर्षी स्पेनमध्येही हेच चाललं होतं. कॅटलोनियात, बार्सिलोनाच्या उत्तरेला, साऊ नावाचं धरण आहे. १९६० च्या दशकात ते झालं आणि सान रोमा दे साऊ हे गाव बुडालं. गावातल्या अकराव्या शतकातल्या चर्चचा मनोरा पाण्यातून वर डोकावत राहायचा. २०२३-२४ च्या दुष्काळात धरण आटलं, अख्खं चर्च कोरड्या जमिनीवर उभं राहिलं आणि बघायला माणसांची रीघ लागली. तिथले लोक ते चर्च बघून पाण्याचं वर्ष कसं आहे ते ओळखतात. आपल्याकडे ते काम पळसनाथाचं शिखर करतं. फरक एवढाच की त्या चर्चची डागडुजी झालेली आहे. पळसनाथाच्या देवळाच्या जतनाची मागणी गावकरी करत असतात. दरवर्षी भिजणाऱ्या आणि वाळणाऱ्या विटा किती काळ टिकतील, याची चिंता आता तज्ज्ञांनीही करायला हवी.

रात्री इंदापुरात मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी मालोजीराजांच्या गढीकडे गेलो. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले निजामशाहीचे सरदार, पुणे-सुपे परगण्याची जहागीर त्यांच्याकडे. इंदापूरच्या लढाईत ते पडले. वेरूळच्या भोसल्यांच्या कर्त्या पुरुषाचा शेवट आपल्या या गावात झाला, हे इंदापूरकर अभिमानाने सांगतात. गावात चाँदशाहवलींचा दर्गाही आहे. मालोजीराजांची पिरांवरची श्रद्धा प्रसिद्ध आहे. नगरच्या शाह शरीफ यांच्या नावावरून त्यांनी मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली. गढीचे बुरूज ढासळले आहेत, मातीच्या भिंतींवर पावसाने ओघळ पाडले आहेत. संवर्धनाच्या घोषणा झाल्या आहेत, काम व्हावं ही इच्छा.

इंदापुरात मला सगळ्यात आवडतात ती जुन्या कचेरीच्या आवारातली चिंचेची झाडं आणि त्यांवरचे चित्रबलाक. पिवळी लांब चोच, केशरी डोकं, शेपटीजवळ गुलाबी पिसांचा झुबका. उजनीत मासे पकडायचे आणि भर वस्तीत, माणसांच्या डोक्यावर, घरटी करायची, असा त्यांचा परिपाठ. भिगवणजवळच्या भादलवाडीच्या तळ्यात बाभळींवर त्यांची वसाहत आहे, पण गावातली ही मला जास्त जवळची वाटते. आम्ही बघत होतो तेव्हा एक नर काटकी चोचीत धरून उतरला, मादीसमोर उभा राहिला, तिने ती घेतली, घरट्यात खोचली, नापसंत पडली म्हणून काढून दुसरीकडे खोचली. नर पुन्हा उडाला. खाली चहाच्या गाड्यावर लोक उतारे, फेरफार, मोजणी यांच्या गोष्टी करत होते. झाडाखाली घाण होते, वास येतो, मासे खाली पडतात, तरी इंदापूरकरांनी ही झाडं तोडू दिली नाहीत. पुण्यामुंबईच्या सोसायट्यांनी यातून थोडं घ्यावं.

चहाच्या गाड्यावर विषय पाण्याकडे वळलाच. इंदापुरात बसून पाण्याविषयी बोलणं टळत नाही. २०२१ मध्ये उजनीतून इंदापूर-बारामतीकडच्या कोरडवाहू गावांसाठी पाच टीएमसी पाणी उचलण्याचा निर्णय झाला, सोलापूर जिल्हा पेटून उठला आणि निर्णय मागे घ्यावा लागला. एकजण म्हणाले, “जमीन आमची बुडाली, पाणी बघायचं तेवढं आमच्याकडं.” शेजारचे म्हणाले, “आन्‌ खालच्यांनी काय प्यायचं?” दोघांचंही खरं आहे. सोलापूर शहर याच धरणाचं पाणी पितं. पण या भांडणात एक पक्ष बोलतच नाही. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेत उतरतं आणि उजनीत येऊन थांबतं. उन्हाळ्यात काठाचं पाणी हिरवंगार होतं, जलपर्णी पसरते, हात घातला तर खाज सुटते. शनिवारी इथे दुर्बिणी घेऊन येणारी माणसं सोमवारी घरी जाऊन जे पाणी नळाने सोडतात, तेच इथे परत येतं. आपल्या महानगरपालिकांना सांडपाणी शुद्धीकरणाचा जाब विचारण्याचा अधिकार आणि जबाबदारी या पर्यटकांचीच आहे, कारण इंदापूरच्या मासेमाराला तिथे मत नाही.

दुपारी नीरा-नरसिंगपूर. इंदापूर तालुक्याचं, पर्यायाने पुणे जिल्ह्याचं, हे आग्नेय टोक. एका बाजूने भीमा, दुसऱ्या बाजूने नीरा, आणि पलीकडे दोन्हींकडे सोलापूर जिल्हा. लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ किल्ल्यासारखं उंच तटात आहे. पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनी ते बांधून काढलं. नदीकडून आलं तर घाटाच्या उंच दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. आत्या त्या एकेक करत, मध्ये बसत, चढली. नृसिंहाची मूर्ती वाळूची, प्रल्हादाने स्थापलेली, अशी श्रद्धा आहे. आत्याने ओटी भरली, पुजाऱ्यांनी घराण्याचं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि तिच्या माहेरच्या कुठल्या पिढीतलं कोण येऊन गेलं ते सांगायला सुरुवात केली. आत्या खांबाला टेकून ऐकत बसली. मी संगमावर जाऊन आले. उजनीतून पाणी सोडलं की भीमा इथे फुगते. आषाढीला पंढरपूरच्या चंद्रभागेत जे पाणी असतं ते याच पायऱ्यांवरून गेलेलं असतं. तुकोबांची पालखीही याच तालुक्यातून जाते. त्याआधी बारामती तालुक्यातल्या काटेवाडीला परीट मंडळी पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं; पुढे बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण, आणि सराटीला नीरेत पादुकांचं स्नान. पण तो दुसऱ्या ऋतूचा, दुसऱ्या लेखाचा विषय.

पावसाळा संपला की धरणात भरपूर पाणी असतं, पळसनाथाचं शिखर जेमतेम दिसतं आणि पक्षी यायला लागतात. रोहित बघायचे असतील तर संक्रांत उलटू द्या. जमलं तर आडवारी या; शनिवार-रविवारी कुंभारगावच्या काठावर गाड्यांना जागा नसते आणि होड्यांचा गोंगाट असतो. पहाटे या किंवा चारनंतर. प्लास्टिक काठावर टाकू नका, गावातच राहा, गावातच जेवा.

आणि एक गोष्ट. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळात उलटली. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलं होती. दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत, बाजार आहेत, आणि रस्त्याने वळसा मोठा. त्यामुळे लोक वर्षानुवर्षं होडीनेच जात-येत आले. पुलाची मागणी त्याआधीपासूनची आहे. पूल होईल तेव्हा होईल. तुम्ही होडीत बसाल तेव्हा आधी लाइफ जॅकेट मागा, अंगात घाला आणि पट्टे आवळा. आभाळ काळं दिसलं किंवा वारा फिरला तर पैसे दिलेले असले तरी उतरा. जॅकेट नाही म्हणाले तर दुसरी होडी बघा, काठावर होड्या पुष्कळ आहेत.